घाटमाथ्याची तोंडी बखर

मुंबईहून पुण्यास निघालेली आगगाडी खंडाळ्याचा घाट चढू लागली, म्हणजे डब्यातील मंडळी हातातील वर्तमानपत्रे बाजूस सारून खिडकीशी गोळा होतात. दिवस पावसाळ्याचे असले तर कड्यावरून कोसळणारे धबधबे, हिरवी पठारे आणि मधूनच डोकावणारी दाट राई पाहून निसर्गाच्या लीलेविषयी धन्योद्गार सहजच बाहेर पडतात. किल्ले आणि लेणी तेवढी माणसाची, बाकीचा सारा डोंगर ईश्वराचा, अशी शहरवासी सुशिक्षितांची एक समजूत होऊन बसली आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या शिलारसाचा बनला, आणि त्यात मनुष्याचा काहीएक हात नाही, हे उघड आहे. परंतु त्या पाषाणावर आज कोठे रान आहे व कोठे माळ, कोठे खाचर आहे व कोठे कुरण, हे ठरविण्यात माणसाच्या कुऱ्हाडीचा, अग्नीचा, गुराढोरांचा आणि भक्तिभावाचाही मोठा वाटा आहे. या घडामोडीचा इतिहास कागदावर फारच थोडा आहे. तो आहे डोंगरी लोकांच्या तोंडी.

डोंगर माणसाने घडविला म्हणजे काय केले, हे प्रथम पाहिले पाहिजे. तीव्र उतारावर नांगर चालत नाही. तेथे उन्हाळ्यात झाडोरा तोडावयाचा, तो वाळला की पेटवून द्यावयाचा, आणि पहिल्या पावसाबरोबर त्या राखेत नाचणी, वरी किंवा सावा पेरावयाचा, अशी चाल होती. दोनतीन पिके निघाली व जमिनीचा कस उतरला, की ती जागा कित्येक वर्षे विसाव्यासाठी सोडून देऊन पुढच्या उतारावर जावयाचे. या शेतीला कोठे दळी म्हणतात, कोठे कुमरी. खाली दरीत भाताची खाचरे. त्यांच्या बांधांचा एकेक दगड कोणीतरी हाताने रचलेला. भाताच्या रोपांसाठी राब भाजावा लागतो. ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण व गवत थरांनी पसरून पेटविले, म्हणजे तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते आणि राखेचे खत मिळते. गावाभोवतीची झाडे फांद्या छाटून छाटून बोडकी झालेली दिसतात, त्याचे कारण पुष्कळदा हा राबच असतो.

याच्याही वर, पठाराच्या कडेला, गवळी धनगरांचे वाडे. त्यांच्या म्हशींनी चरून चरून आणि त्यांनी वाळले गवत जाळून जाळून पठारावरील कुरणे मोकळी राखली. आणि याच डोंगरात, जेथे कुऱ्हाड लावावयाची नाही अशी देवरायांची स्थाने. वाघजाई, काळकाई, भैरी अशा दैवतांच्या नावाने राखलेली ही झाडी. एकाच गावाने एक डोंगर तोडला व दुसरा राखला. या दोन्ही गोष्टी बुद्ध्याच केलेल्या आहेत, हे विसरता कामा नये.

आता प्रश्न असा, की हे सर्व केव्हा व कोणी केले याची साक्ष कोठे शोधावयाची? दप्तरे वसूल देणाऱ्या गावांची बनतात. ज्या वाडीस वसूल नाही, जी दहा वर्षांनी आपली जागा बदलते, तिचे नाव कोणत्याही दप्तरात चढत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडांविषयी सुप्रसिद्ध मजकूर आहे. आरमारासाठी लाकूड हवे तर ते कसे तोडावे, आणि रयतेने लावलेली आंब्याफणसाची झाडे तिच्या संमतीवाचून व मोबदल्यावाचून का तोडू नयेत, हे तेथे सांगितले आहे. त्यावरून अठराव्या शतकाच्या आरंभी रयत झाडे लावून वाढवीत होती एवढे सिद्ध होते. पण अमक्या दऱ्यातील झाडे कोणी लावली, हे सांगावयास दऱ्याकाठचा म्हाताराच पाहिजे.

असे म्हातारे पहिल्याप्रथम कोणी गाठले? हे उत्तर मोठे मार्मिक आहे. पहिला मोठा संग्राहक कोणी पंडित नसून एक लष्करी अंमलदार होता. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने १८३१ साली उमाजी नाइकास पकडले. पुढे रामोशी व महादेव कोळी या दोन जमातींचे त्याने जे वृत्तांत लिहिले, त्यांत त्यांच्या परंपरागत गोष्टी त्याने कसोशीने उतरून घेतल्या. पुढे १८८० च्या सुमारास निघू लागलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांनी असल्या सामग्रीचा भरपूर उपयोग केला. ही सामग्री अमोल आहे, यात संशय नाही. परंतु बंदोबस्तासाठी विचारणाऱ्याला लोक एक सांगतात, आणि जिव्हाळ्याने विचारणाऱ्याला दुसरे. घाट कोठून ओलांडता येतो हे अंमलदाराला हवे होते. तो घाट कोणी बांधला व त्या खिंडीतल्या देवीला नारळ का फोडतात, हे त्याच्या कामापुरतेच त्याने ऐकले. सांगणाऱ्याइतकीच विचारणाऱ्याचीही परीक्षा केली पाहिजे, हा येथला पहिला धडा होय.

दुसरा धडा गोष्टीच्या परीक्षेचा. जव्हारच्या कोळी राजघराण्याच्या मूळपुरुषाविषयी एक कथा सांगतात. त्याने तेथील आधीच्या धन्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि होकार मिळताच कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापून त्यांनी मोठा मुलूख वेढून घेतला! पाश्चात्य पुराणे वाचलेल्यांना हीच कथा कार्थेज नगर वसविणाऱ्या डायडो राणीच्या नावावर आढळेल. म्हणजे कथा प्रवासी आहे. ती जव्हारच्या मातीतली नव्हे, असे म्हणून ती फेकून द्यावी काय? तसे करणे घाईचे होईल. कातडे खोटे असेल, परंतु या मुलुखावर आपल्या आधी दुसऱ्या कोणाची सत्ता होती आणि ती सरळ मार्गाने आपल्याकडे आली नाही, एवढी कबुली ती गोष्ट देते. जेत्यांच्या तोंडून निघालेली अशी कबुली सहसा खोटी नसते.

हीच गोष्ट गवळीराजाची. सह्याद्रीत व खानदेशात एखादी जुनी विहीर, पडका कोट, अथवा ज्याचा कर्ता ठाऊक नाही असा बांध दिसला, की गावकरी तो गवळी राजाचा म्हणून दाखवितात. लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली असे जसे म्हणतात, तशातलाच हा एक प्रकार आहे, असे वरवर पाहता वाटते. परंतु दोहोंत अंतर आहे. पांडव ग्रंथांतून आले. गवळी कोठून आले? देवगिरीचे यादव स्वतःस कृष्णाच्या कुळातले म्हणवीत, तेव्हा लोकांनी त्यांना गवळी म्हटले असावे, असा एक तर्क आहे. दुसरा तर्क साधा आहे. शेतकऱ्याच्या आधी या माथ्यावर गुराखी होता, आणि त्याची आठवण शेतकऱ्याने राजेपण देऊन जपली. गाईंच्या रक्षणार्थ पडलेल्या वीरांचे वीरगळ महाराष्ट्रात अनेक गावी उभे आहेत. गोधन हीच जेव्हा संपत्ती होती, त्या काळाची ती दगडी साक्ष आहे. तोंडची गोष्ट व दगडाची खूण अशी जुळली, की इतिहासकाराने कान टवकारावेत.

प्रत्येक मराठी घरात ठाऊक असलेली हिरकणीची कथा याच दृष्टीने पुन्हा ऐकण्यासारखी आहे. रायगडावर दूध घालावयास गेलेली गौळण, बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल, रात्रीच्या अंधारात उतरलेला कडा आणि पुढे त्या ठिकाणी उभारलेला बुरूज! शाळेत ही कथा मातृप्रेमाची म्हणून शिकवितात आणि ते योग्यच आहे. परंतु कथेत न सांगता सांगितलेले किती आहे पाहा. गडाच्या पायथ्याच्या डोंगरात गवळ्यांची वस्ती होती. गडाचे दूध खालून येत असे, म्हणजे खाली गुरे होती, आणि गुरे होती म्हणजे कुरणेही होती. दरवाजाची वेळ व बाजाराची वेळ ठरलेली होती. सांगणारा जे ठासून सांगतो त्यात अलंकार असतो. जे तो सहज बोलून जातो, त्यात पुष्कळदा इतिहास असतो.

विसाव्या शतकात या तोंडी बखरीला खरे वाचक लाभले. गणिती म्हणून जगभर नाव मिळविलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवीत. गावापासून दूर, भर माळावर एखाद्या आईचे ठाणे का असावे, हा प्रश्न त्यांना पडला. त्या ठाण्यांच्या आसपास व जुन्या वाटांवर त्यांना अश्मयुगीन माणसाची बारीक गारगोटीची हत्यारे सापडत गेली. पावसाच्या मानाने कळप घेऊन वरखाली फिरणाऱ्या लोकांच्या या वाटा असाव्यात आणि देवीची ठाणी त्या वाटांवरची असावीत, असा सिद्धांत त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. देवतेची कथा व पायाखालचा दगड यांची सांगड त्यांनी घालून दाखविली.

त्यांच्या पाठोपाठ गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे धनगरांच्या संगतीत घालविली. धनगर रात्र रात्र ढोलाच्या तालावर ओव्या गातात, आणि गाऊन झालेला भाग पुन्हा बोलून सांगतात. बिरोबा, धुळोबा, म्हस्कोबा या देवांच्या त्या कथा सोन्थायमर यांनी ध्वनिफितींवर उतरून घेतल्या. सोनारीचा देव कमळाजी नावाच्या धनगर भक्ताच्या मागोमाग वीर येथे आला, ही म्हस्कोबाची कथा घ्या. देवाच्या या प्रवासात कळपाचा प्रवास दडलेला आहे. देव जेथे जेथे थांबला, तेथे पाणी व चारा होता असे समजावयास हरकत नाही. सोन्थायमर १९९२ साली निवर्तले. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या दोन प्रदीर्घ कथांचे इंग्रजी भाषांतर २०१४ साली अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास आटकर व राजाराम झगडे यांच्या सहकार्याने प्रसिद्ध केले.

पुरुषांच्या या गाण्यांच्या जोडीस बायकांचे जाते उभे आहे. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ या दांपत्याने मुळशी-मावळच्या डोंगरांत काम करीत असता, गावोगावच्या बायकांच्याच साहाय्याने, जात्यावरच्या ओव्या गोळा करावयास आरंभ केला. ही संख्या वाढत वाढत एक लाखाच्या वर गेली. सासर कोणत्या खोऱ्यात, माहेर कोणत्या डोंगराआड, वाटेत कोणता ओढा, हा डोंगराचा नकाशा बायकांनी जात्याशी बसून काढलेला आहे. कोणत्याही मोजणीदाराला तो तसा काढता आला नसता.

या सर्व खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हा, की गोष्टी न ऐकता केलेले निवाडे डोंगरास व डोंगरवासीयांस फार महाग पडले आहेत. १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले जंगलाधिकारी म्हणून डॉक्टर गिब्सन नेमले गेले. डोंगरातील तोडीमुळे झरे आटतात, ही त्यांची चिंता प्रामाणिक होती. परंतु तिच्यातून जो समज दृढ झाला तो असा, की डोंगरी मनुष्य म्हणजे रानाचा वैरी, आणि जेथे गवत आहे तेथे पूर्वी अरण्यच असले पाहिजे. १८७८ च्या कायद्याने रानेच्या राने सरकारी ताब्यात गेली. राबासाठी फांद्या तोडणे हाही वादाचा विषय झाला, इतका की ठाणे-कुलाबा भागांतील गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी १८८५ साली सरकारला एक कमिशन नेमावे लागले.

वस्तुतः रानाचा हा वैरी रान राखीतही होता. १९७० नंतरच्या काळात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी देवरायांचा अभ्यास केला. श्रीवर्धन तालुक्यात गाणी या गावी काळकाईची देवराई तोडीस काढली जाणार होती, तेव्हा ती वाचविण्यासाठी गावकरीच या शास्त्रज्ञांकडे आले. कारण रान गेले तर गावचा झरा जाईल, हे त्यांना पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते. गिब्सन साहेबांची चिंता व काळकाईच्या भक्तांची चिंता एकच होती. साहेबांनी ती अहवालात लिहिली, भक्तांनी ती देवीच्या कोपाच्या गोष्टीत सांगितली. गाडगीळ यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासमवेत गवळी धनगरांचाही अभ्यास केला. खोऱ्यांत व खालच्या उतारांवर कुणबी, वरच्या टप्प्यांवर म्हशी पाळून लोणी-तूप विकणारे गवळी, अशी डोंगराची वाटणी त्यांना आढळली. ही व्यवस्था कोणत्याही सनदेने झालेली नव्हती.

देशावरच्या माळरानांचा निवाडाही असाच उतावीळपणे झाला होता. हे माळ म्हणजे तोडलेल्या अरण्याचे अवशेष, असे समजून तेथे झाडे लावण्याच्या योजना झाल्या. २०२५ साली आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या दोन तरुण संशोधकांनी तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतच्या मराठी ओव्या, चरित्रे व दैवतकथा यांतील वन्य वनस्पतींचे उल्लेख तपासले. चव्वेचाळीस जातींच्या वनस्पती सापडल्या. त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश बाभूळ-तरवडासारख्या उघड्या माळाच्याच निघाल्या. म्हणजे हे माळ निदान साडेसातशे वर्षे माळच आहेत! घाटमाथ्याच्या गोष्टी सांगतात की येथे माणसाचा हात लागला, आणि देशावरच्या गोष्टी सांगतात की येथे अरण्य नव्हतेच. दोन ठिकाणी दोन साक्षी, आणि म्हणूनच प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे विचारले पाहिजे. साताऱ्याजवळील कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथील फुले गुरे चरत होती म्हणूनच टिकली, चराई थांबली की उंच गवत माजून फुले दबतात, असे तेथील गावकऱ्यांचे म्हणणे आहे. हे म्हणणे तपासून पाहावयाचे असते, हसण्यावारी न्यावयाचे नसते.

पुष्कळ साक्षीदार आता पाण्याखाली आहेत. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. तथापि धरण झालेच, आणि मुळा खोऱ्यातील गावे, खाचरे व राया बुडाल्या. पुढे कोयनेचे धरण झाले, अभयारण्ये झाली, २०१० साली सह्याद्रीचा व्याघ्रप्रकल्प झाला, आणि कित्येक वाड्या खाली देशावर नेऊन वसविण्यात आल्या. विजेवाचून व वाघावाचूनही देशाचे भागणार नाही, हे कोणीही मान्य करील. परंतु उठलेल्या वाडीबरोबर झऱ्यांची, खिंडींची व माळांची नावे उठतात. ती नावे म्हणजेच घाटमाथ्याची बखर होय.

आणि ही बखर आता केवळ कौतुकाची वस्तू राहिलेली नाही. वनवासीयांच्या हक्कांचा कायदा २००६ साली मंजूर झाला व त्याचे नियम २००८ साली निघाले. अनुसूचित जमातींखेरीज इतरांना या कायद्याखाली हक्क मागावयाचा तर १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. गवळी धनगर महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत मोडत नाहीत. त्यांच्यापाशी कागद तो कोठला? परंतु नियमकर्त्यांनी येथे शहाणपण दाखविले आहे. वृद्धांनी सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकत, वंशावळ, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, बांध-ताली, ही सर्व पुराव्यात धरली आहेत, आणि त्यांपैकी एकाहून अधिक पुरावे ग्रामसभेने पाहावेत असे म्हटले आहे. जुन्या राजवटीने ज्या आजोबाच्या गोष्टीला कवडीची किंमत दिली नाही, तीच गोष्ट आज नातवाच्या चराईच्या हक्कासाठी ग्रामसभेपुढे वाचली जाऊ शकते. फक्त ती कोणीतरी वेळेवर लिहून ठेविलेली पाहिजे, आणि तिच्या शेजारी विहीर किंवा बांध दाखविता आला पाहिजे. इतिहासकाराची कसोटी व कायद्याची कसोटी येथे एकच झाली आहे.

ही गोष्ट लिहून घ्यावयाची कशी, याचे नियम फार अवघड नाहीत. चावडीत बसून विचारू नये. सांगणाऱ्याबरोबर त्या माळावर, त्या झऱ्यावर जावे, कारण जागा दिसली की आठवण जागी होते. त्याचे शब्द त्याच्याच बोलीत लिहावेत, ते शुद्ध करू नयेत. टेप, दरा, कोंड, सडा या शब्दांत जी जमीन आहे ती 'टेकडी' व 'मैदान' या शब्दांत सापडत नाही. सांगणाऱ्याचे वय आणि त्याने ती हकीकत कोणाकडून ऐकली, हे नमूद करावे. स्वतः पाहिलेले व ऐकीव यांची गल्लत होऊ देऊ नये. दोन वाड्या दोन तऱ्हांनी सांगत असल्या तर दोन्ही लिहाव्यात. त्यांचा मेळ घालण्याची घाई करू नये. पुरुषांना शिवार विचारावे व बायकांना पाणवठा. शेवटी, लिहिलेले सांगणाऱ्यास वाचून दाखवावे व त्याची एक प्रत त्याच गावात ठेवावी, कारण ती मिळकत त्याची आहे.

असला साक्षीदार गाठावयास दरवेळी डोंगरच चढला पाहिजे असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत खपलेले हजारो हात साताऱ्याच्या व कोकणच्या डोंगरांतून उतरलेले होते. पुण्यातील कित्येक घरांचे मूळ मावळातल्या एखाद्या वाडीत आहे. त्या घरांतील आजोबा-आजींना राबाचा धूर आठवतो, देवराईत पाऊल टाकताना पायातली वहाण काढल्याचे आठवते. त्यांच्या नातवंडांच्या हाती वही आहे, आणि आता आवाज जसाच्या तसा टिपून ठेवणारे यंत्रही आहे. सह्याद्रीच्या शिळेला कोट्यवधी वर्षांचे आयुष्य आहे. तिच्यावर माणसाने काय लिहिले हे वाचून दाखविणाऱ्यांचे आयुष्य मात्र माणसाचेच आहे. तेव्हा विचारावयाचे ते आजच विचारले पाहिजे.